चार सेकंद

विट्याहून पहिल्या एसटीने येतात भाऊसो तारळेकर
सांगलीत, विश्रामबागेतल्या माझ्या दोन खोल्यांत.
चप्पल बाहेर, टोपी मांडीवर.
छत्तीस वर्षं लूम चालवले. मग भंगारवाल्याने ते किलोवर नेले
आणि त्याच रात्री उजव्या कानात शिट्टी सुरू झाली.
"कुकरची असती तर गॅस तरी बंद केला असता," म्हणतात.

शिट्टी झाकायला मी गोंगाट तयार करते.
सोपं असतं. सेकंदाला चव्वेचाळीस हजार आकडे,
एकाची दुसऱ्याशी ओळख नाही,
फासे टाकत राहायचं, बस.
कागदावर उंच-खालच्या सगळ्या सुरांना सारखा वाटा,
पण कान काही तलाठी नव्हे,
तो दुपटीदुपटीने मोजतो,
वरच्या सप्तकात त्याला नुसती गर्दी दिसते;
म्हणून पांढरा आवाज
तापल्या तव्यावरच्या पाण्यासारखा चरचरतो.
भाऊसोंनी मान मागे घेतली.

दर सप्तकाला तीन डेसिबल उतरवत गेले: गुलाबी.
"हां. आता जोंधळ्यातनं वारं आल्यागत."
अजून उतरवलं: तपकिरी.
यात प्रत्येक आकडा मागच्याच्या खांद्यावर हात टाकून
झिंगल्यासारखा एक पाऊल इकडे, एक तिकडे.
"ह्ये लांबनं. शेडच्या भिताडापलीकडनं."
डोळे मिटले त्यांनी.
तेवढ्यावर मी यंत्र भरून दिलं.

यंत्र स्वस्तातलं, पोटात जागा थोडी.
चार सेकंदांचा गोंगाट घातला
आणि तोच गोल फिरवत ठेवला.
कुणाला कळतंय?
रविवारी चहा घेत मीच ऐकला होता तासभर,
मला नाही कळलं.

आठवड्याने परत आले.
"मॅडम, ह्यात गाठ हाय."
कुठे?
मांडीवरच्या टोपीवर बोट ठेवलं, थांबले.
"ही आली.
गेली.
थांबा...
ही."
बरोबर चार सेकंद.
स्क्रीनवर शोधलं मी. तिथे गाठ नव्हती,
दोन्हीकडे होतं तसंच वाळलेलं गवत.
फाशांची एकच मूठ मी पुन्हा पुन्हा टाकली होती,
आणि त्या कानाने मुठीतलं एक दान
ओळखीचं करून घेतलं होतं.

म्हणून मग त्यांच्यावर दुसरं काहीतरी करून पाहिलं.
'सोमवारी बाजाराला कोण जाणार' एवढंच वाक्य,
जागोजागी कापलेलं.
कापलेल्या जागी शांतता ठेवली, तेव्हा म्हणाले,
"नुसत्या ढलप्या पडायल्यात."
त्याच भेगांत गोंगाट भरला,
तर अख्खं वाक्य म्हणून दाखवलं, 'जाणार'सकट.
जिथे 'जा' नव्हताच, ती जागा मी दाखवली
तर हसायला लागले.
"शेडात आम्ही असंच बोलायचो की.
निम्मं त्वांड सांगायचं, निम्मं धोटा.
कांडीवाली शेवंता काय म्हणायची
त्ये मला दरवाज्यातनं कळायचं.
लाईट गेली की मात्र
कुणालाच काय बोलावं सुचायचं न्हाई."

मी म्हटलं, मोठं यंत्र मागवते,
रात्रभर चालेल, एकदाही तेच परत येणार नाही.
पुस्तकात तसंच आहे: कानाने धरून ठेवावं
असं त्यात काही असू नये.
भाऊसोंनी टोपी घातली.
"गाठ ऱ्हाऊ द्या.
ती आली की कळतं, चालू हाय.
दोन-चारदा येती, मग मला झोप लागती."

फाइलवर काय लिहायचं ते मला कळेना.
'रुग्ण समाधानी' लिहिलं, खोडलं, तसंच ठेवलं.

आता रात्री वरचा पंखा ऐकते.
जुना आहे, डुगडुगतो. इतकी वर्षं नुसता वारा देत होता.
काल त्यात काहीतरी आलं,
गेलं,
आणि मी उशीवर बोट ठेवून